मेंदी कलर

पळसदेवच्या बुद्धभूषणला नादखुळा ग्रुपात घेतलं, तेव्हा त्यानं घरी येऊन आधी बहिणीला सांगितलं आणि मग आईला. आईला त्यातलं काही उमगलं नाही. "म्हंजे बचत गटासारखं हाय का?" असं तिनं विचारलं. बहीण तेजश्री हसली, पण तिला कळलं. बारामतीच्या कॉलेजातल्या ह्या नऊ पोरांचे रील तिनं बघितले होते. गॅदरिंग असो नाहीतर कुणाचा वाढदिवस, नऊच्या नऊ एका रंगात, एका कटात. लांबून बघणाराही म्हणायचा, नादखुळा आले. त्यातला नववा गडी शिकायला पुण्याला गेला, जागा मोकळी झाली आणि ती भूषणला मिळाली. मिळाली, पण पक्की झाली नाही, असं त्याला वर्ष झालं तरी वाटत होतं.

वाटायला कारणही होतं. बाकीचे आठ जण बारामतीत रूम करून राहायचे. भूषण रोज एसटीच्या पासवर यायचा, पळसदेवहून भिगवण, भिगवणहून बारामती, आणि साडेपाचच्या गाडीनं परत. आणि ग्रुपातले सगळे किस्से घडायचे साडेपाचनंतर. सकाळी पोरं कशावर तरी खिदळत असायची, आणि हा गडीही हसायचा, कशावर ते न कळता. अरे, "काय झालं रे?" एवढं विचारायला काय पैसे पडतात? पण नाही. विचारलं की कळणार, ह्याला म्हायती न्हाय. आणि ते कळलं की आपण गावठी ठरलो, असं ह्या शहाण्यानं स्वतःशीच पक्कं करून टाकलं होतं. तोंड बंद आणि डोळे उघडे ठेवून पोरानं वर्ष काढलं. संदेश मनगटात काळा दोरा बांधतो म्हणून ह्यानं बांधला. संदेश केस मागं फिरवतो म्हणून ह्यानं फिरवले. संदेश म्हणजे ग्रुपाचा म्होरक्या. त्याचं कधी कुठं काही अडतंय, असं त्याच्या चेहऱ्यावर कुणी बघितलं नव्हतं.

तर यंदा ट्रॅडिशनल डेला डिझायनर जोधपुरी घालायचे ठरले. बंद गळा, तिरका पल्ला, एका खांद्यावर बारीक भरतकाम. ग्रुपवर नमुन्याचा फोटो आला तो काळ्या जोधपुरीचा. खाली संदेशनं लिहिलं होतं, "कट हाच. कलर मेंदी." सगळ्यांनी अंगठे टाकले, भूषणनंही टाकला. त्याच संध्याकाळी आठ जण मिळून दुकानात गेले आणि एका ताग्यातलं कापड घेऊन आले. भूषण त्या वेळी एसटीत खिडकीपाशी बसलेला होता.

"तागा संपला रे. तुझं तू घे," दुसऱ्या दिवशी संदेश म्हणाला. "मेंदी कलर. कळलं ना?"

"कळलं की," भूषण म्हणाला.

आता कापडाच्या दुकानात मेंदी म्हणजे हिरवा. वाटलेल्या पाल्याचा असतो तसा, जरा मळकट हिरवा. साडी घेणारी कुठलीही बाई सांगेल. पण ह्या पठ्ठ्यानं आयुष्यात मेंदी नीट बघितली ती तेजश्रीच्या हातावर, चुलत बहिणीच्या लग्नात. रंगलेली, लालसर, तपकिरीकडं झुकलेली. मेंदी म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं बहिणीचा तळवाच आला. घरात तेजश्रीला एक शब्द विचारला असता तरी भागलं असतं. पण न विचारायची सवय एकदा लागली की ती घरातही लागते. रविवारी इंदापूरला जाऊन त्यानं दुकानातल्या रांगेतून बरोब्बर तसलं कापड हुडकलं आणि बोटानं दाखवून म्हणाला, "ह्यातलं द्या." दुकानदारानं रंगाचं नाव विचारलं नाही, ह्यानं सांगितलं नाही.

शिवायला टाकलं भिगवणला, स्टँडसमोरच्या रसूलचाचांकडं. शाळेच्या खाकी चड्डीपासून भूषणचे कपडे त्यांनीच शिवलेले. आता दुकानाच्या पाटीवर "रसूल टेलर" ह्या नावाखाली त्यांच्या पोरीचं नाव आलं होतं, "जास्मिन, डिझायनर मेन्सवेअर". पोरगी फॅशनचा कोर्स करून आलेली. बाईनं गड्यांचे कपडे कापायचे म्हटल्यावर लोक बोलणारच, म्हणून बापलेकीनं आपली एक रीत पाडली होती. टेप रसूलचाचांच्या हातात. ते माप घेऊन मोठ्यानं सांगायचे, "खांदा सतरा, छाती साडेछत्तीस," आणि जास्मिन टेबलामागं बसून लिहायची. लिहिता लिहिता गिऱ्हाईक उभं कसं राहतं, चालतं कसं, ते बघून घ्यायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, ही नुसते आकडे लिहिते.

"सगळ्यांचं हेच कापड का?" तिनं भूषणला विचारलं.

"व्हय. आणि जरा ढिला ठेवा, जास्मिनताई. सगळ्यांसारखा."

"सगळ्यांची मापं सारखी हायत का?" ती म्हणाली, आणि तिनं काही ढिला ठेवला नाही.

ट्रॅडिशनल डेच्या सकाळी भूषण जोधपुरी घालूनच घरातून निघाला. आरशात बघून तो स्वतःच चपापला होता. खांदे असे बसले होते की पोक काढून उभं राहताच येईना. भिगवणला उतरून तो बारामतीच्या गाडीची वाट बघत थांबला. दोन बाया वळून बघून गेल्या. मासळीच्या पाट्या उतरवणारा एक जण म्हणाला, "नवरदेव, वऱ्हाड कुठं ऱ्हायलं?" भूषण लाजला, पण त्याला बरं वाटलं. आज फोटोत आपण नववे, ह्याच नादात तो होता. अकरा वाजता कॉलेजच्या पोर्चमध्ये फोटो होता, आणि तो वर्षभर बोर्डावर लागणार होता.

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर फोटो आला होता. संदेशच्या रूमबाहेर आठ पोरं, आठही हिरवी. खाली लिहिलं होतं, "मेंदी मंडळी रेडी. भूषण कुठंय?"

त्यानं फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला. रंग काही बदलेना. भर स्टँडवर त्यानं जोधपुरी उतरवला, चुरगाळून पिशवीत कोंबला आणि ग्रुपवर टाकलं, "ताप आलाय. येत न्हाय." हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्या?

मिनिटाच्या आत संदेशचं उत्तर आलं. "ओके. काळजी घे."

एवढंच. ये म्हणून कुणी हट्ट केला नाही, कुणी गाडी घेऊन निघालं नाही. आठांत भागत होतं. खोटं आपणच बोललो, आणि ते इतक्या सहज खपलं ह्याचंच पोराला रडू फुटायला आलं.

पाय त्याला रसूलचाचांच्या दुकानात घेऊन गेले. चाचा मशीनला तेल देत होते.

"चाचा, ह्याच्यावर हिरवा रंग चढवता येतो का?"

चाचांनी पिशवीत डोकावून बघितलं. "लालावर हिरवा चढत न्हाय, बाबा. चढवला तर शेणागत दिसंल."

"मग दुसरा शिवून? अकराच्या आत?"

"जोधपुरी हाय का लंगोट?" चाचा म्हणाले, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघून त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "काय झालं?"

आतून जास्मिन चहा घेऊन आली. पिशवीतून लोंबणारी बाही तिला दिसली. तिनं चहा ठेवला, जोधपुरी बाहेर काढला, झटकला आणि इस्त्री लावली. तिचा चेहरा उतरला होता.

"तिनं एकटीनं कापलेला पैला जोधपुरी हाय त्यो," चाचा हळू म्हणाले. "मी कात्रीला हात लावला न्हाय. सकाळपास्नं दोनदा विचारलं तिनं मला, अब्बा, भूषण स्टँडवर दिसला का, कसा बसलाय बघा जरा."

"अब्बा, असू द्या," जास्मिन म्हणाली. मग भूषणकडं वळून, "सगळ्यांचं हेच कापड का, म्हणून मी विचारलं होतं तुला. तू व्हय म्हणालास. खोटं बोललास?"

"खोटं न्हाय," भूषण म्हणाला. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "मेंदी कलर म्हंजे कंचा, ते मला म्हायती नव्हतं."

म्हटलं एकदाचं. कुणी हसलं नाही. चाचांनी चहाची बशी पुढं केली. जास्मिननं इस्त्रीचं टोक कॉलरवरून फिरवलं.

"मेंदी हिरवीबी असती न्‌ लालबी," ती म्हणाली. "घालायचा का न्हाय ते तुझं तू ठरव. पण चुरगाळून पिशवीत नको घालू. चार दिवस लागले मला."

भूषणनं चहा संपवला. आपल्या लाजेपायी दुसऱ्याची मेहनत पिशवीत कोंबली, हे त्याला फार लागलं. लोक हसतील ही भीती होतीच, ती काही कुठं गेली नव्हती. पण ही बाई चार दिवस राबली आणि आपण तिचं काम कुणाच्या दृष्टीला पडू देणार नाही, हे त्याहून वाईट होतं. त्यानं फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, "ताप न्हाय. कलर चुकला. मला मेंदी म्हंजे लाल वाटला. येतोय." मग जोधपुरी चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि साडेनऊची गाडी पकडली. वाटभर फोन थरथरत होता. त्यानं उघडला नाही.

पोर्चमध्ये पोरं वाटच बघत होती. त्यातला अबरार सगळ्यांत पुढं. "आला बघा. आमची नुसती वाटलेली, ह्याची रंगली." हसून हसून पोरं खांबाला धरून उभी राहिली. भूषणचे कान तापले. त्यानं हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. फोटोग्राफर म्हणाला, "लालवाले, तुम्ही कडेला या." भूषण कडेला गेला. पण खांदे पाडता येईनात, तसा कटच नव्हता. तो ताठ उभा राहिला. अकरा वाजून पाच मिनिटांनी फोटो झाला.

नंतर तो पाण्याच्या टाकीवर तोंड धूत होता, तर मागं संदेश. एकटाच. इकडंतिकडं बघून त्यानं भूषणच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरलं.

"मला ह्योच पायजे होता," संदेश म्हणाला.

"म्हंजे?"

"मेंदी कलर हे नाव मी कुठंतरी ऐकलं होतं. भारी वाटलं, टाकलं ग्रुपवर. मलाबी लालच वाटला होता. दुकानात गेलो तर दुकानदारानं हिरवा तागा आपटला पुढं. सगळी पोरं म्हणाली, एक नंबर. मग मीबी म्हणालो, एक नंबर."

"मग तवाच बोलला का न्हाईस?"

"मी सांगितलेला कलर मलाच म्हायती न्हाय, असं म्हणू?"

वर्षभर ज्याच्यासारखं व्हायला भूषण धडपडला होता, तो गडीही आपल्यासारखाच मूग गिळून बसलेला. त्याला संदेशचा राग आला नाही. उलट त्या हिरव्या जोधपुरीत, गळ्यापाशी तटतटलेला आणि काखेत चोळामोळा झालेला संदेश बघून त्याला पहिल्यांदाच त्याची माया वाटली.

"कुठं शिवलास?" संदेशनं विचारलं.

"भिगवणला. रसूलचाचांची जास्मिनताई कापते."

"लोकेशन टाक."

भूषणनं फोन काढून ग्रुप उघडला. संदेशनं पटकन त्याच्या हातावर हात ठेवला.

"ग्रुपवर नको रे," तो हळूच म्हणाला. "पर्सनलला टाक."