बाबांनी माझ्यासमोर टोपी काढली

त्या गुरुवारी सकाळी आईने थंड मटणाचे तुकडे, पाव आणि सिरक्यातले कांदे निळ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. "केझी, जेवणाची घंटा झाली की लगेच छोट्या फाटकाशी जा. बाबांना तंबूत कुणी बस म्हणणार नाही."

यात नवीन काहीच नव्हतं. इंग्लंडातल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, क्रिकेट मैदानाला दोन फाटकं आहेत. मोठं पांढरं फाटक मंडपासमोर. त्यातून हौशी खेळाडू, म्हणजे जमीनदारांची आणि पाद्र्यांची मुलं, मैदानात उतरतात. छोटं फाटक रोलरच्या शेडमागे. त्यातून माझे बाबा आणि त्यांच्यासारखे पोटासाठी खेळणारे. संघ एकच हं! पण छापील धावपत्रिकेत हौशींच्या नावाआधी 'श्रीयुत', आणि बाबा नुसते 'टॅपसेल'. बॅटिंग ही मौज, म्हणून ती हौशींची. बोलिंग म्हणजे घाम, म्हणून ती बाबांची. जेवायला त्यांना तंबू, बाबांना शेडची पायरी.

नवीन होते ती मी! वसंतात मला शिष्यवृत्ती मिळून मी टेकडीवरच्या मोठ्या शाळेत गेले होते, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गभर सांगून टाकलं होतं, "माझे वडील काउंटीकडून खेळतात!" खोटं नव्हतं ते. फक्त कुठल्या फाटकातून, ते सांगितलं नव्हतं. शाळेत मी नुसती केझिया होते; आडनाव कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं केझिया, उन्हात काय उभी राहिलीस? चल, आमच्या छत्रीखाली!" ऑगस्टा डॅलिसनने मला ओढलंच. माझ्या वर्गातली सगळ्यात श्रीमंत मुलगी ती. तिचा भाऊ पर्सिव्हल एकोणीस वर्षांचा, आणि संघाचा कप्तान. मी बसले. निळं गाठोडं पायाने हळूच बाकाखाली सरकवलं.

"अरे टॅपसेल! थांबलास का रे? टाक, टाक!" पर्सिव्हल ओरडला.

"जी साहेब," बाबा म्हणाले. बाबा त्रेचाळीस वर्षांचे आहेत.

ऑगस्टा खुदकन हसली. "तो म्हातारा बघ, पाय कसा ओढतोय! पर्सीदादा म्हणतो, घोडा आहे नुसता. एकदा जुंपला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. बरं, तुझे बाबा यातले कुठले गं?"

 माझी जीभ सुटली, ती भलतीकडेच.

"आज... आज नाहीत खेळत ते."

घंटा झाली. पांढऱ्या फाटकातून सगळे हौशी तंबूत गेले. बाबा छोट्या फाटकाशी उभे राहून, कपाळावर हात धरून मला शोधत होते. त्यांची नजर फिरत फिरत छत्रीखाली आली. मी त्यांना दिसले, शेजारची ऑगस्टाही दिसली, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी पाठ फिरवली, पंपावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. बराच वेळ पीत होते.

मी ऑगस्टाच्या डब्यातली स्ट्रॉबेरीची वडी खात होते. गोड होती. खोटं कशाला सांगू?

दुपारभर बाबांनी उपाशीपोटी बोलिंग केली. त्यांचं बोट फाटलं. यष्टीमागच्या एनॉसकाकांनी त्यावर चिंधी गुंडाळली, आणि बाबांनी आणखी तीन बळी घेतले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, इतरांइतक्याच.

खेळ संपल्यावर डॅलिसनांच्या बग्गीकडे जाताना वाट शेडवरूनच गेली. बाबा पायरीवर बूट काढून बसले होते, शेजारी एनॉसकाका. ऑगस्टा थांबली. "काय रे टॅपसेल, आज मस्त हं!"

बाबा अनवाणी उभे राहिले. टोपी काढून तिच्यापुढे मान लववली. मग माझ्याकडे वळले, आणि पुन्हा तेवढीच लववली.

"आपली कृपा, बाईसाहेब."

मला! एनॉसकाकांनी मला पाळण्यात झोके दिले आहेत. त्यांनी तोंड उघडलं, तर बाबांनी त्यांच्या पायावर पाय दाबला. आणि मी? मी मान हलवली आणि पुढे चालू लागले.

बाबा घरी आले तेव्हा आई चुलीशी होती. त्यांनी निळं फडकं तिच्या हातात दिलं, रिकामं, नीट घडी केलेलं.

"कांदे झकास होते हो. केझीने अगदी वेळेवर आणून दिलं."

सगळे गेल्यावर त्यांनी बाकाखालून गाठोडं शोधून आणलं होतं. फडक्याच्या घडीत दोन मुंग्या होत्या. मी ताट बाजूला सरकवलं. बाबा म्हणाले, "खा गं, उद्याही शाळेला सुट्टी, पण मॅच आहे."

शुक्रवारी घंटा झाली तशी मी मागून गेलेच नाही. निळं गाठोडं दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्या छत्र्यांसमोरून, मंडपासमोरून, गवतावरून सरळ निघाले.

"बाबा! बाबा, जेवायला या!"

काटेचमचे थांबले. ऑगस्टा उठली. "केझिया! कुणाला हाक मारतेस तू?"

"माझ्या वडिलांना. तो कालचा म्हातारा, तेच. काल मी तुझ्याशी खोटं बोलले."

पर्सिव्हल तंबूच्या दारात आला. "टॅपसेल, ही कोण रे?"

बाबांचा हात सवयीने टोपीकडे गेला, पण टोपी डोक्यावरच राहिली. "माझी मुलगी, साहेब," ते म्हणाले.

त्यानंतर ऑगस्टा माझ्याशी आजवर बोललेली नाही. पायरीवर मी बाबा आणि एनॉसकाकांच्या मध्ये बसले.

"हळू हाक मारायचीस की, कार्टे," बाबा पुटपुटले. "सगळ्या गावाने ऐकलं."

"ऐकू दे," एनॉसकाका म्हणाले. "कांदा दे इकडे."

ते छोटं फाटक अजून तिथेच आहे. बांधलं मोठ्या लोकांनी, पण एक दिवस त्याला आतून कडी घातली ती मी, हे मला विसरता येत नाही. तुम्ही मॅच बघायला याल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण घंटा झाली की एकदा शेडच्या पायरीकडेही बघा. आणि तिथे तुमचं कुणी बसलं असेल, तर मोठ्याने हाक मारा.