चांदचाचांचा दम

चोपड्याजवळच्या एका गावातल्या लग्नात भरताची वांगी भाजायला प्रेमराज होता. कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर छातीत शिरला की तो पऱ्हाट्यांच्या ढिगामागे जाई, दम्याचा पंप घाईघाईनं तोंडात दाबी आणि कुणी पाहायच्या आत परत येई. पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं गाव म्हणे. गावाच्या तोंडाला कोण लागणार!

बँडमधले चांदचाचा सत्तरीचे. भर मांडवात खुर्चीवर बसून त्यांनी खिशातला पंप काढला, हलवला, सगळा श्वास बाहेर सोडला, औषध सावकाश आत ओढलं आणि डोळे मिटून धरून ठेवलं. मग खळखळून चूळ भरली. वांग्यांच्या जाळाजवळून प्रेमराज हे सगळं पाहत होता.

"चाचा, तुमले बी पंप लागना का?" एक वऱ्हाडी हसला.

"क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती भिजवल्याशिवाय सूर निघत नाही, म्हणून ती रोज भिजवतो, तेव्हा नाही हसलास कधी!" चाचा तडकले आणि त्यांनी क्लॅरनेट ओठांना लावलं.

काय तो सूर! प्रेमराजनंही त्या सुराबरोबर श्वास रोखून पाहिला. त्याचा केव्हाच सुटला, चाचांचा सूर चालूच.

गाणं संपताच वांगी बायकोवर सोपवून तो थेट मांडवात गेला. सगळ्यांदेखत पंप काढून म्हणाला, "चाचा, माझं कुठं चुकतं, तेवढं दाखवा."