तारे मागे फिरत नाहीत

मी एक जुना लोलक आहे, मित्रांनो, पण घड्याळातला नव्हे. दूर उत्तरेतल्या ओउलू शहराच्या विद्यापीठात, तळघरातल्या पेटीत, केसाहून बारीक तारेवर मी अठरा वर्षं टांगलेला आहे. मला घडवणाऱ्या वेइक्को प्राध्यापकांचं म्हणणं असं, की लांबी, रुंदी, उंचीपलीकडे जगाला आणखी एक लपलेली मिती आहे आणि तिच्यामुळे सगळ्या दिशा सारख्या राहत नाहीत. दिशांची सममिती अशी खरंच मोडत असेल, तर मी आकाशातल्या एका ठरावीक दिशेला किंचित वळायचं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून माझं वळणंही रोज तितकंच लवकर व्हायला हवं.

अठरा वर्षं मी ढिम्म. रस्त्यावरून ट्रक गेला की थरथरायचो, आणि खापर माझ्यावरच. शेवटी वेइक्कोंनी नियम केला: आत कोणी यायचं नाही, आलंच तर वहीत वेळ लिहायची.

गेल्या सप्टेंबरात मी वळू लागलो. रोज संध्याकाळी, रोज साधारण चार मिनिटं लवकर. वेइक्कोंची विद्यार्थिनी इल्मा आकडे पाहून घाबरली. वेइक्कोंनी मात्र सगळ्या विभागाला वेलचीचे पाव खिलवले. वसंतात ते निवृत्त होणार होते आणि जन्मभराची आशा फळाला आली होती.

अहो, कसली आशा? निवृत्ती जवळ आली म्हणून की काय, सप्टेंबरपासून रोज घरी निघताना हेच गृहस्थ खाली यायचे आणि माझ्या पेटीला कपाळ टेकून उभे राहायचे. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, म्हणून उजेडातच सायकल काढायची. शरदात आमच्याकडे सूर्य रोज साधारण चार मिनिटं लवकर मावळतो. इतक्या बारीक तारेला माणसाच्या देहाचं गुरुत्वाकर्षणही पुरतं; मी त्यांच्याकडेच ओढला जात होतो! वहीत नोंद नाही, कारण नियम इतरांसाठी. मी कितीही चिडलो, तरी लोलकाला तोंड कुठे असतं?

जानेवारीत दिवस मोठा होऊ लागला आणि माझं वळणं रोज उशिरा होऊ लागलं. इल्माने आलेख त्यांच्यापुढे ठेवला.

"वेइक्को, तारे मागे फिरत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही घरी कधी निघता?"

"अंधार पडायच्या आत." त्यांनी आलेखावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ती वही दे इकडे."

सप्टेंबरपासूनच्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढल्या.

तेव्हापासून मी पुन्हा ढिम्म आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांवर माया करायची तर दाराबाहेरून करा, एवढंच माझं मागणं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांची पावलं दाराशी थांबली आणि तशीच परत गेली. त्या दिवशी थोडं वळावं लागलं असतं, तर माझी काही तक्रार नसती.