कोच ह्रुस्कांचा ऑक्टोबर

“माझ्या गाडीची चाकं कुठायत, ब्रॉडी?”

“काढली.”

“ते दिसतंय मला! चारही? रविवारी संध्याकाळी? मला आत्ता कोचकडे जायचंय.”

“बर्फात चालायची चाकं बसवतोय. वेळेत बसवलेली बरी.”

“ऑक्टोबरात? टी-शर्टवर फिरतोयस तू!”

आई अशी ओरडायला लागली की शेजारची कुत्री गप्प होतात. एकवीस वर्षं कॉलेजच्या जिममध्ये कोचची मदतनीस म्हणून ओरडून तो आवाज तयार झालाय. मीही काही कमी नाही. मार्चमध्ये गणिताच्या सरांवर असाच ओरडलो आणि शाळेतून जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. तेव्हापासून टायरच्या दुकानात आहे.

तिच्या हातात पाकीट होतं. तीन तास लांबच्या एका शाळेत खेळाच्या बाईंची नोकरी. सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“उद्या सांग ना कोचना,” मी म्हटलं.

“उद्या पहिली प्रॅक्टिस. खिशात हे पत्र ठेवून पोरींसमोर उभी राहू? मला नाही जमत तसलं.”

मी ‘मग फोन कर’ म्हणालो नाही. पण तिनंच माझा चेहरा वाचला.

“आणि एकवीस वर्षांनंतर असलं काही फोनवर सांगत नाहीत.”

“जातेसच कशाला पण?”

ती गाडीच्या बॉनेटला टेकली. गाडी जॅकवर होती, जराशी डुगडुगली.

“विटकॉमसाहेब मला काय म्हणाले माहितीये? म्हणे, रेनी, तुमच्यासारखी दोन नंबरची बाई अख्ख्या आयोवात सापडायची नाही. वर हसले. त्यांना वाटलं कौतुक केलं.”

विटकॉम म्हणजे कॉलेजच्या खेळखात्याचा साहेब. दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेला. तो तिथं असता तर मी पाना फेकून मारला असता. आणि माझ्या जिभेवर ते वाक्य आलंच होतं. पण दात आवळले, खाली वाकलो आणि उगाचच जॅक फिरवत बसलो. आई पाय आपटत घरात गेली. कोचचं शेत नऊ मैलांवर आहे. चालत जाणार नव्हती.

जिभेवर काय होतं ते सांगतो.

कोच म्हणजे व्हर्ना ह्रुस्का. सेंट ओडिलिया कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या कोच, अडतीस वर्षं. वय एकाहत्तर. सप्टेंबरात त्या आमच्या दुकानात आल्या. पिकअपला ट्रेलर ओढायचा हूक लावून घ्यायचा होता. मी हूक बसवेपर्यंत त्या खसखशीचा कोलाच, म्हणजे सारण भरलेला गोड पाव, खात टायरच्या थप्पीवर बसल्या होत्या.

“काय ओढणार, कोच?”

“छोटं घर आहे चाकांवरचं. नोव्हेंबरात ॲरिझोनाला जाईन म्हणते. उन्हात बसेन.”

माझा हात थांबला. नोव्हेंबरात तर मॅचेस सुरू होतात. अडतीस वर्षांत या बाईंनी हिवाळ्यात गाव सोडलेलं नाही, सख्ख्या बहिणीच्या लग्नालासुद्धा नाही.

“म्हणजे तुम्ही कोचिंग सोडताय?”

त्यांनी कोलाच खाली ठेवला. “डोळे फार तीक्ष्ण आहेत रे तुझे. तोंड कसंय?”

“तोंड वाईट आहे.”

“मग ते शिवून घे महिनाभर. मार्चमध्ये सोडलं असतं तर त्या विटकॉमला सात महिने मिळाले असते. त्याच्याकडे यादी तयार आहे, तिघं बाप्ये, तिघंही बाहेरचे. म्हणून पहिल्या प्रॅक्टिसला सोडणार. तेव्हा त्याच्या हाताशी एकच माणूस असेल. तुझी आई.”

“आईला सांगू?”

“खुळा आहेस का? तुझी आई! बॉल आमच्याच पोरीच्या हाताला लागून बाहेर गेला, हे स्वतःहून रेफरीला सांगणारी बाई आहे ती. अशामुळं दोन मॅच हरलेय मी. तिला कळलं तर पाचव्या मिनिटाला विटकॉमच्या दारात उभी असेल.”

खरं होतं ते. त्यामुळं महिनाभर तोंड शिवलं. माझ्यासारख्याला महिना म्हणजे काय, हे मलाच माहीत. आणि त्या पत्राबद्दल मला रविवारी दुपारी कळलं. आईनं आधी जाऊन ‘मी चालले’ म्हटलं असतं, तर कोचनी कुणासाठी सोडायचं? कोच फोन उचलेनात, रविवारी त्या फोन स्वयंपाकघरातल्या खणात टाकतात. मग राहिली चाकं.

सोमवारी सकाळी पावणेसहाला मी तिला दुकानाच्या गाडीतून जिमला नेलं. तेरा पोरी रांगेत उभ्या होत्या. पहिल्या दिवशी फोटो असतो, म्हणून विटकॉमही टाय लावून आलेला. मी दारात थांबलो. आई पाकीट घेऊन तडक कोचकडे गेली.

“कोच, एक मिनिट हवंय.”

“मला दोन हवीत. माझं आधी.” कोच पोरींकडे वळल्या. “मुलींनो, मी कोचिंग सोडतेय. आजपासून. तुमच्याशी भांडायला फार मजा आली.”

कुणाच्या तरी हातून बॉल सुटला आणि टप टप करत भिंतीपर्यंत गेला.

“आज?” विटकॉम पुढं आला. “पहिल्या मॅचला तीन आठवडे राहिलेत!”

“हो ना. वेळ अगदीच वाईट.”

“एवढ्यात माणूस कुठून आणायचा मी?”

“तेच म्हणते. कुठून आणणार बिचारे तुम्ही.”

विटकॉमचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. टाय लाल होता. तो आईकडे फिरला. “हे तुमच्या दोघींचं आधीच ठरलेलं आहे. खरं सांगा रेनी, तुम्हाला माहीत होतं?”

सगळ्या पोरींनी आईकडे पाहिलं. कोचनीही पाहिलं.

“नाही,” आई म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. “मी तर आज नोकरी सोडणार होते. हे बघा.”

आणि पत्र त्याच्याच हातात दिलं! मी डोळे मिटले. कोचच्या तोंडून ‘अगं बये’ असं काहीतरी निघालं. हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं.

विटकॉमनं पत्र वाचलं. परत वाचलं. मग बाकावर बसला.

“तुम्हीपण?” त्याची सगळी हवा गेली होती. “अहो, मग या पोरींना खेळवणार कोण? रेनी, असं नका करू. या सीझनपुरतं तरी सांभाळा.”

“दोन नंबरची बाई म्हणून?”

“नाही, नाही. कोच म्हणून.”

आईनं श्वास घेतला. “लिहून द्या.”

आधी कोच हसल्या, मग पोरी. त्याच पत्राच्या पाठीवर विटकॉमनं गुडघ्यावर ठेवून लिहून दिलं. आईनं ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि मग तिची नजर दारात माझ्यावर पडली.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“चाकं!” ती ओरडली. विटकॉम दचकला. मला वाटलं आता बसतेय कानाखाली, पण ती हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. मग घड्याळाकडे पाहिलं. “सहा वाजून अकरा मिनिटं झाली! पळा गं, बघत काय बसलात?”

कोच माझ्या शेजारून बाहेर आल्या. थोडा वेळ आतला बुटांचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ब्रॉडी, मॅचचं तिकीट कुठं मिळतं रे इथं?”

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. अडतीस वर्षांत त्यांना कधी लागलंच नव्हतं. मी त्यांना पुढच्या दाराशी नेलं, ती छोटी खिडकी दाखवली. त्यांनी खिडकीवरचा दरांचा बोर्ड चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, “म्हाताऱ्यांना सवलत आहे. आजवर वायाच गेली की.”

आज पहिली मॅच. सातला आहे. आत्ता कुठं साडेचार होतायत, आणि कोच बाहेर पिकअपमध्ये बसून हॉर्न मारतायत. खिडकी उघडायच्या आधी रांगेत पहिलं उभं राहायचंय म्हणे त्यांना. आणि मी उशीर केला तर शिव्या— आता परत वाजवला. मला निघायलाच हवं.