फर्गस वाकला

एफी रॅट्रेबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नाच बंद केला. रेकॉर्ड ऐकायला हरकत नव्हती, पण बसून. स्कॉटलंडमध्ये अँगसच्या खेड्यात वाढलेल्या बाईला अकॉर्डियनचं नाचगाणं बसून ऐकायला सांगायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं.

ग्लासगोला एकट्या राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, फर्गसनं, बजावून ठेवलं होतं. "आई, एकदा जरी नाचताना सापडलीस, तर या घराला कुलूप आणि तू माझ्या फ्लॅटवर." फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खालचा शेजारी असा, की चमचा पडला तरी काठीनं छत ठोकतो. तिथं रेकॉर्ड कसली लागतेय? एफीबाई या एकाच गोष्टीला खरंच घाबरत होत्या. म्हणून त्या इमानदारीत बसून ऐकत. निदान कमरेच्या वर तरी.

एका शनिवारी दुपारी शेजारची नॅन आली, चहा झाला, रेकॉर्ड लागली आणि इमान संपलं.

"अगं, चार जोड्या लागतात. आपण दोघीच," नॅन म्हणाली.

"खुर्च्या आहेत की. ती उंच पाठीची म्हणजे आपले पाद्रीबाबा समज. हात जरा जपून धर."

दोघी रंगात आल्या आणि दारात फर्गस उभा.

"बॅग भर, आई."

एफीबाईंनी वाद घातला नाही. "भरते. एवढी रेकॉर्ड शेवटची ऐकू दे," म्हणत त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

अकॉर्डियनचा तो पहिला लांब सूर निघाला. आता त्या मुलखात डिसेंबर आला की शाळेच्या हॉलमध्ये एकेका पोराला हा नाच दामटून शिकवतात: पहिल्या सुराला जोडीदारासमोर वाकायचं, आणि वाकलेल्यानं गाणं संपेपर्यंत नाच सोडायचा नाही. फर्गस तोंडानं म्हणाला, "आत्ताच्या आत्ता," आणि कमरेत वाकला. समोर नॅन होती.

"वाकलास रे," ती म्हणाली.

"चुकून, नॅनमावशी."

"चुकून वाकलेल्याला सूट आहे, असं शिकवलं होतं का तुझ्या बाईंनी?"

झालं. फर्गस नाचला. आधी तोंड पाडून, मग टाय खांद्यावर टाकून, मग चक्क आरोळ्या ठोकत. एफीबाई मांडीवर हात ठेवून शहाण्यासारख्या बसल्या होत्या. पोराला इतकं खुशीत पाहून त्यांना किती वर्षं झाली होती. शेवटी आईला दाखवायला म्हणून त्यानं एक मोठी उडी घेतली आणि थेट पाद्रीबाबांवर आदळला.

गावच्या डॉक्टरांनी घोटा दाबून पाहिला. "महिनाभर गाडी नाही, जिने नाहीत. तिकडे बघायला कोण आहे?"

फर्गसनं खिडकीकडे पाहिलं. "कुणी नाही."

डॉक्टर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "आई, खुबा नुसतं निमित्त होतं. संध्याकाळी घरात आलं की कुणी बोलायला नसतं."

एफीबाईंनी त्याच्या पायाखाली उशी सरकवली, पण तोंड थांबलं नाही. "मग सरळ सांगायचंस की, गाढवा. सोबत हवी तर सोबतीकडे यावं. म्हातारीला उचलून काय नेतोस?"

त्यांनी सुपाचं पातेलं गॅसवर चढवलं. सूप गरम झाल्यावर फर्गसनं वाडगा पुढे केला.