न मागायची काहील

मी काहील आहे, तांब्याची, आणि आता बरीच जुनी. माझ्या पोटात एक लहान मूल उकिडवे बसू शकेल. उचलायला दोन लोखंडी कान आहेत. सर्बियन देशाच्या उत्तरेला, बनात नावाच्या सपाट मुलखात, तिसा नदीच्या अलीकडे, एका गावातल्या एका गल्लीच्या मालकीची मी आहे. घराच्या नव्हे, गल्लीच्या. मित्रांनो, माझी सगळी गोष्ट या एका फरकातून झाली.

मला माथियास नावाच्या जर्मन तांबटाने घडवले. तांबे ठोकले की ताठर होते आणि तापवले की पुन्हा नरम पडते, म्हणून तो ठोकायचा, तापवायचा, परत ठोकायचा. आतून त्याने कथलाची कल्हई केली. आलुबुखार आंबट असतो. उघड्या तांब्यात तो कळकतो आणि पोटाला बाधतो. माथियास त्याच गल्लीत राहायचा. मी तयार झाले तेव्हा त्याने मला टिचकी मारून आवाज ऐकला आणि बायकोला म्हणाला, ठीक आहे. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

शरद ऋतूत आलुबुखार पिकले की साखर न घालता त्याचा मुरांबा आटवायचा, हे माझे काम. सकाळी परसात विस्तव पेटायचा आणि दिवेलागणीपर्यंत लांब दांड्याचा लाकडी ढवळणा माझ्या पोटात फिरत राहायचा. तो थांबला की मुरांबा तळाला लागतो. एका घरचे झाले की त्या घरची बाई मला पुढच्या घरी पोचवायची. हंगेरियन घरातून रुमानियन घरात, तिथून स्लोव्हाक, तिथून सर्बियन. मुरांब्याला प्रत्येक घरात वेगळे नाव होते. नावावरून कधी भांडण झाले नाही. त्यात अक्रोड घालायचा की नाही, यावरून मात्र जावाजावा वर्षभर बोलत नसत.

एक रीत होती. मला मागायला कुणी यायचे नाही. मागणे हलके समजत. जिच्याकडे मी असेन तिने काम झाले की आपणहून आणून द्यायचे. जिच्याकडे हंगाम संपेल तिने हिवाळाभर सांभाळायचे आणि पुढच्या वर्षी तिच्यापासूनच सुरुवात.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा नव्या सरकारने गल्लीतल्या जर्मन घरांतली माणसे छावणीत नेली. माथियासच्या बायकोने चुलीवरचे दूध उतरवून ठेवले आणि मग ती गाडीत बसली. मी त्यांच्या परसात पालथी होते. मला वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. तांब्याला ऊब लवकर चढते आणि तितक्याच लवकर उतरते.

त्या घरात हर्जेगोविनाच्या दगडाळ डोंगरातून एक सर्बियन कुटुंब आणून वसवले. तिथल्या बाईने एवढे मोठे भांडे पाहिले, त्यात राखेचे पाणी घातले आणि घरादाराचे कपडे उकळत टाकले. समोरच्या घरातली हंगेरियन बाई फाटकातून आत आली. तिने आत वाकून पाहिले आणि ती तिथेच ओट्यावर बसली.

"बाई गं," ती म्हणाली, "तू ह्यात सदरे शिजवतेस. आम्ही ह्यातलं खातो."

दोघींच्या मुली एका वयाच्या होत्या. डोंगरातून आलेली देसांका आणि समोरची एतेल्का. माझ्या कडेला सुकलेला मुरांबा त्या नखाने खरवडून खायच्या. मोठ्या झाल्यावर दोघींची लग्ने झाली. दोघींनी नवरे घरी आणले आणि त्याच समोरासमोरच्या घरांत राहिल्या. एतेल्का हिशेब हंगेरियनमध्ये करायची आणि शिव्या सर्बियनमध्ये द्यायची. आपल्या भाषेत शिवी दिली तर वर आई ऐकेल, असे तिचे म्हणणे होते. देसांकाला स्वेतोझार झाला, एतेल्काला गेर्गो. ती माझी चांगली वर्षे. मला कौतुकाची सवय झाली होती, त्यामुळे ते कौतुक आहे हे लक्षात येत नसे.

मग देश फुटायला लागला आणि एका शरदात तरुण मुलांना सैन्यात बोलावणी आली. लढाई आपल्याच देशाच्या पलीकडच्या टोकाला होती. गेर्गो बोलावणे चुकवून, बसमध्ये बसून, हद्दीपलीकडच्या हंगेरियन शहरात, सेगेदला, निघून गेला. स्वेतोझार गेला, जिथे बोलावले होते तिथे. हिवाळ्याच्या तोंडावर त्याला परत आणले आणि गावच्या दफनभूमीत पुरले. एतेल्का तिथे गेली होती. देसांकाने तिच्याकडे पाहिले नाही.

त्या हंगामाच्या शेवटी मी देसांकाकडे होते.

काही दिवसांनी पावाच्या दुकानात एतेल्का रांगेत असताना देसांका दुकानदाराला म्हणाली, "मुरांबा त्यांनी करावा, ज्यांची पोरं शहाणी आहेत. त्यांच्या घरी खायला माणसं उरलीत." एतेल्काने पाव घेतला, पैसे दिले आणि ती घरी गेली.

पुढच्या वर्षी आलुबुखार पिकले. देसांकाने मुरांबा केला नाही आणि मला हलवलेही नाही. तिच्यानंतरचे घर एतेल्काचे. तिच्यापुढची सगळी गल्ली अडून राहिली. रीतीप्रमाणे मागायला तर कुणी येणार नव्हते. एतेल्काच्या शेजारची रुमानियन फ्लोआरिया फार धीट, ती तेवढी कुंपणाशी येऊन म्हणाली, "यंदा फळ फार लागलंय गं देसांका. फांद्या मोडतायत."

"मग टेकू द्या," देसांका म्हणाली.

त्याहून जास्त कधी कुणी बोलले नाही. काहींनी अॅल्युमिनियमची पातेली आणली. काहींनी दुकानातल्या बरण्या आणल्या. एतेल्काचे आलुबुखार झाडाखाली पडायचे आणि ती ते डुकरांना घालायची. मी गोठ्यात, पोत्यांमागे. पहिल्या वर्षी माझ्यात दोर ठेवला. मग फुटके कंदील. मग उंदराने घर केले. कल्हई जिथे झिजली होती तिथे दमट हवेने हिरवा थर धरला. वर्षे किती गेली हे मी मोजले नाही. अंधारात एक वर्ष दुसऱ्यासारखेच असते. वाट पाहणेसुद्धा पुढे पुढे जाणवत नाही.

तोदोर नावाचा कल्हईवाला दर उन्हाळ्याच्या शेवटी गावात यायचा. तो रोमा, म्हणजे भटक्या जमातीतला; त्याचा बापही हेच काम करायचा. फाटकाशी सायकल टेकवून तो विचारायचा, काहीलबाई कशी आहे? देसांका नकाराची मान हलवायची आणि तो पुढे जायचा.

मग एका वर्षी गल्लीत बातमी आली की एतेल्काचे घर विकले गेले. नवरा वारला होता, गुडघे गेले होते, आणि गेर्गो तिला थंडीआधी सेगेदला नेणार होता. देसांका ही बातमी फ्लोआरियाकडून उभ्याउभ्या ऐकत होती. मग ती गोठ्यात आली आणि पोती बाजूला करू लागली. तिला खोकला आला, पण ती थांबली नाही. तोदोर आला तेव्हा मी परसात उन्हात होते.

त्याने आत वाकून पाहिले. "बाई, हिला आता कल्हई कशाला? भंगारात द्या. तांब्याला भाव आहे."

"तुझं काम कर."

"कुणाकडे जायचीय?"

"समोर."

तोदोरने समोरच्या घराकडे एकदा पाहिले. मग त्याने मला वाळूने घासले, विस्तवावर तापवले, नवसागर टाकला, आणि कथील कापसाच्या बोळ्याने तळापासून काठापर्यंत फिरवले. थंड झाल्यावर पुन्हा पाहिले आणि एका जागी परत हात फिरवला. देसांका शेजारी उभी होती. कथलात तिचा चेहरा दिसत होता, पसरट.

मला न्यायला नेहमी दोघी लागत. देसांकाने एकटीने मला हातगाडीवर पालथे घातले आणि रस्ता ओलांडला. गल्लीतले पडदे थोडेसे हलले. एतेल्का परसात खोकी बांधत होती. तिने सुतळी हातातच धरून ठेवली.

"मी रविवारी चाललेय, देसांका."

"माहीत आहे."

"मग आणलीस कशाला?"

"नंबर तुझा होता."

एतेल्काने सुतळी खाली टाकली. मग तिने खोक्यातून सुरी काढली, सकाळीच बांधलेली. दुसऱ्या दिवशी तिने झाडाखालची आणि झाडावरची सगळी फळे गोळा केली, बिया काढल्या आणि विस्तव पेटवला. पण तिचे गुडघे उभे राहू देत नव्हते आणि मुरांब्याला थांबता येत नाही. देसांका आली आणि तिने ढवळणा तिच्या हातातून घेतला. एतेल्का स्टुलावर बसली आणि लाकडे सारत राहिली. दुपार झाली. माझ्यात रस आटत होता, रंग काळसर होत होता.

"तुझा पोरगा जिवंत आहे," देसांका म्हणाली, "ह्याचा मला राग येतो. अजून येतो."

"माहीत आहे मला," एतेल्का म्हणाली. मग तिने माझ्यात डोकावून पाहिले. "ढवळ. खाली लागेल."

देसांका ढवळत राहिली. तिच्या गालांवरून पाणी येत होते. धूर तिच्या बाजूला नव्हता. तिने ते पुसले नाही, कारण दोन्ही हात दांड्यावर होते.

मुरांबा चांगला झाला. अक्रोड घातला नव्हता. शनिवारी सकाळी एतेल्काने मला घासून कोरडे केले. पुढचे घर फ्लोआरियाचे. एतेल्काने माझा एक कान धरला आणि फाटकापर्यंत आली. दुसरा कान देसांकाने धरला. दोन म्हाताऱ्या, मध्ये मी, आणि दर थोड्या अंतरावर मला खाली ठेवून श्वास घेणे. फ्लोआरियाने दार उघडून ठेवले होते. ती बाजूला झाली.

रविवारी गेर्गोची गाडी आली. देसांका आपल्या फाटकाशी उभी होती. तो गाडीतून उतरला, टोपी काढली. तिने मान किंचित झुकवली. त्यापलीकडे काही झाले नाही.

आता मी फ्लोआरियाच्या सुनेकडे आहे. गल्लीत तीन घरांना कुलूप आहे. तेवढी घरे सोडून मी पुढे जाते. मला आनंद होतो का, असे तुम्ही विचाराल. मला ऊन लागते, विस्तव लागतो, एवढे सांगता येईल.

मित्रांनो, तांब्याच्या भांड्याला वेळच्या वेळी कल्हई करा, आणि त्यात काही ठेवून विसरू नका. आणि घरी एकदा नीट शोधा. कुणाकडे तरी पोचवायची राहिलेली एखादी वस्तू तुमच्या पोत्यांमागे असेल. ती माणसे मागायला येणार नाहीत. ती अजून समोरच राहत असतील तोवर घेऊन जा. राग संपण्याची वाट पाहू नका; रागासकट घेऊन जा.