अंगठ्याभोवतीची रेघ

आज किरणांचा दहावा शेक, अजून पाच राहिलेत. आमच्या ह्यांना कातडीचा लिम्फोमा झालाय, म्हणजे कातडीतला कॅन्सरच. आणि तो यावा कुठे, तर शिंप्याच्या हातापायांवर. बाकीचं एवढं अंग मोकळं पडलं होतं, पण नाही.

किरण नेमके कुठे द्यायचे, त्याच्या रेघा डॉक्टरांनी कातडीवर शाईने आखल्यात. रेघेबाहेर शिशाचा पत्रा ठेवतात, म्हणजे चांगली कातडी भाजत नाही. रेघा पुसू नका, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पांढऱ्या कापडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायची ह्यांची चाळीस वर्षांची सवय. काल कुणाचा तरी शर्ट हातात घ्यायचा होता, आणि अंगठ्यावरची रेघ गेली धुऊन.

"गेली तर गेली. मी काढली परत," दवाखान्यातल्या बाकावर हातमोजा काढत हे म्हणाले. "रेघा मारण्यातच जन्म गेला माझा."

रेघ सुरेख होती, बाहीच्या कटासारखी वळणदार. फक्त अंगठ्याचं टोक तिच्या बाहेर होतं. रोज मलम मीच लावते. नखाजवळचा तो तांबडा चट्टा मला पाठ आहे.

"अहो, टोक राहिलं."

"राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"कापड मला तिथे कळतं. बाकीची बोटं शेकाने बधिर झालीच आहेत, एवढं तरी ठेवतो." मग हलक्या आवाजात, "तू गप्प बस."

पस्तीस वर्षं मी पुष्कळ गप्प बसलेय. सासूसमोर बसले, गिऱ्हाइकांसमोर बसले. पण चट्टा सोडला तर पसरेल, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ते मात्र हे सोयीस्कर विसरले.

आत मशीनवर आज नवी मुलगी होती. ती ह्यांच्या रेघेबरहुकूम पत्रा लावायला लागली.

"काकू, तुम्ही बाहेर थांबा."

दारापर्यंत गेले, पण पुढे पाय उचलेना.

"बाळा, पहिल्या दिवशीचा फोटो असेल ना, तो काढून बघ. ही रेघ ह्यांनी स्वतः मारलीय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीने फोटो पाहिला आणि नवी रेघ आखली, टोकासकट.

शेक झाल्यावर हे परत बाकावर येऊन बसले. तळव्यांची सालं निघालीत, म्हणून हातमोजे मीच चढवते, हळूहळू, एकेक बोट सांभाळत. मला वाईट वाटत होतं, ह्यांचा रागही येत होता, आणि दोन्हींपेक्षा जास्त मी दमले होते.

"दुकान बंद करून घरी बसून काय करू मी?" हे म्हणाले.

"माझं डोकं खात बसा," मी म्हटलं. "पण बसा."

हे हसले नाहीत. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, अंगाचा सगळा भार टाकून, आणि आम्ही बसस्टॉपकडे निघालो.